तोकुजीच्या रक्तातले उंदीर

आमच्या तोकोनामे गावात मांजरं बनतात. मातीची. एक पंजा वर करून गिऱ्हाइकाला या या म्हणणारी, दुकानाच्या दारात ठेवायची. माझा धाकटा भाऊ तोकुजी ह्या कामात असा पटाईत, की एका मासेवाल्याने त्याचं मांजर नेऊन दुकानात ठेवलं तर सकाळपर्यंत टोपलीतले बांगडे गायब. मी काटे स्वतः पाहिले आहेत. लोकांचा विश्वास बसत नाही, न बसो.

तर असा हा मांजरवाला, आणि ह्याने घरामागच्या बंद पडलेल्या भट्टीत उंदीर पाळले होते.

साधे उंदीर नव्हेत. नाचरे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि जन्मल्यापासून स्वतःभोवती गरगर फिरायचा नाद. आमच्या घराण्यात आजोबांच्या आजोबांपासून हे चालत आलंय. एक नर तर असा फिरायचा की त्याच्या वाऱ्याने शेगडी पेटायची. तोकुजी लहान होता तेव्हा उंदीर बाहीत घेऊन शाळेत जायचा, आणि मास्तरांनी त्याला कितीही वेळा वर्गाबाहेर उभं केलं तरी त्याचं काही बिघडायचं नाही, सोबत होतीच.

मग त्याचं लग्न झालं. बायको मात्सुए, मांजरांचे डोळे रंगवणाऱ्या घरातली. तिने डोळा काढला की मांजर आपल्याकडेच बघतंय असं वाटतं, तुम्ही कुठेही उभे राहा. पण लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत एक उंदीर तिच्या अंथरुणात शिरला. ती अशी किंचाळली की समुद्रातल्या बोटी भोंगा वाजला समजून बंदराकडे वळल्या. माहेरी जायला निघाली, गाठोडं बांधून. तोकुजीने जमिनीला कपाळ टेकून शब्द दिला, आजपासून ह्या घरात उंदीर नाही.

शब्द त्याने पाळला. घरात उंदीर नव्हताच. भट्टीत होता.

भट्टी म्हणजे जुनी, कोळशाची. धुराडं अर्धं पडलेलं, आत कोरडी ऊब, तोंडाला फळी लावलेली. मी शेजारच्या घरात राहते, आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या तोंडासमोर. रोज दुपारी जेवण झालं की तोकुजी म्हणायचा, जरा एक बिडी ओढून येतो. त्याने बिडी सोडून जमाना झाला होता. बाहीत उंदरांसाठी राळ्याच्या दाण्यांची पुडी आणि चेहऱ्यावर असा साळसूदपणा की मला खिडकीत हसू दाबायला तोंडात लोणच्याचा आलुबुखार धरावा लागायचा.

आता खरी गंमत ऐका. एकदा तोकुजी मांजरं घेऊन क्योटोच्या जत्रेला गेला आणि मागे बर्फ पडलं. आमच्याकडे बर्फ क्वचित. मात्सुएला भट्टीतून चूं चूं ऐकू आलं. ती झाडू घेऊन तरातरा आत गेली. मी खिडकीतून बघतेय, म्हटलं संपलं सगळं. थोड्या वेळाने बाहेर आली ती झाडू आतच टाकून, ओच्यात गुलाबी पिल्लं घेऊन, आणि त्यांच्यावर तोंडाने वाफ सोडत. आयुष्यभर उंदराला भ्यायलेली बाई. रात्रभर कुशीत घेऊन निजली असणार, कारण सकाळी सगळी जिवंत होती.

पण एवढा थयथयाट करून झाल्यावर आता नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगणार? तिने मला सांगितलं, शपथ घालून. "वन्सं, ह्यांना कळू देऊ नका. ह्यांना वाटतंय मला माहीत नाही, तर मला माहीत नाही." तोकुजीनेही केव्हाच शपथ घातली होती. मग काय, सकाळी तोकुजी गावच्या न्हाणीघरात गेला की मात्सुए भट्टीत. दुपारी तोकुजी. ही पाणी बदलायची, तो म्हणायचा, ताई, माझे उंदीर किती शहाणे, पाणी घाण करतच नाहीत. तिच्या बोटाला चावले की ती म्हणायची माशाचा काटा लागला. त्याच्या बोटाला चावले की मातीतला खडा. एका ताटावर समोरासमोर बसून दोघं एकमेकांच्या बोटांना मलम लावायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. अशी वर्षांमागून वर्षं गेली. मला घरात टीव्ही लागला नाही.

आणि मग तोकुजीच्या रक्ताने घोळ घातला.

गावातर्फे दरवर्षी म्हाताऱ्यांची तपासणी होते. त्या वर्षी कॅन्सरची खूण बघणारी रक्ताची चाचणीही होती, हवी त्याला. तोकुजीने केली, कारण रांगेत पुढच्याने केली. आकडा सदतीसच्या आत हवा. ह्याचा चारशेच्या वर.

आमच्या दवाखान्यात कुसाकाबे नावाची तरुण डॉक्टरीण आहे. हुशार पोर, पण आल्या आल्या माझ्या तावडीत सापडली. मी तिला सांगितलं होतं की हिमाका बेटावरचे ऑक्टोपस सकाळच्या बोटीने स्वतः बाजारात येतात, आणि आठ पाय असले तरी तिकीट एकच लागतं. तिने जाऊन बोटवाल्याला विचारलं. तेव्हापासून मी ताप आलाय म्हटलं तरी ती दोनदा थर्मामीटर लावते.

तिने तोकुजीला मोठ्या इस्पितळात पाठवलं. पोटाचे फोटो झाले, नळी घालून झाली, स्वादुपिंड बघितलं, पित्ताची नळी बघितली. कुठे काही नाही. पुन्हा रक्त घेतलं. आकडा तसाच. शेवटी तिथले सर्जन म्हणाले, फोटोत न दिसणारं काहीतरी आत असेल, पोट उघडूनच बघू. तारीख ठरली, चेरी फुलायच्या आधीची.

ती तारीख सांगायला डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारत होत्या. आधी ऑपरेशन झालंय का, कुठली औषधं, दारू किती. त्यातच एक प्रश्न आला, उंदीर वगैरे पाळता का.

तोकुजीने मात्सुएकडे बघितलं नाही. मात्सुएने स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. "छे," तो म्हणाला. "मांजरवाले आम्ही."

आता मला राहवेना. मी म्हटलं, पाळतो की, मागच्या भट्टीत, नाचणारे, एकाच्या वाऱ्याने शेगडी पेटते. डॉक्टरीणबाई लेखणी खाली ठेवून हसल्या. तोकुजी पण हसला, घाम पुसत. "आमची ताई," तो म्हणाला, "तुम्हाला ऑक्टोपसची गोष्ट सांगितली असेलच." आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर नाही असं लिहून टाकलं. आयुष्यात एकदा सरळ बोलले, शेगडीचं सोडलं तर, आणि ही गत.

ते दोघं बाहेर गेल्यावर मी मागे थांबले आणि विचारलं, उंदरांचं काय मध्येच? बाईंना सांगायची हौस आहे, कुणी ऐकणारं मिळत नाही. त्या म्हणाल्या, आजी, आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीवर बाहेरून लव असते, साखरेची. काही कॅन्सरच्या पेशींवर ही साखर फार वेगळी आणि फार चिकट येते. पेशी गाठीतून सुटते, रक्तातून वाहत जाते, आणि तिला दुसरीकडे कुठेतरी उतरायचं असतं. पण वाहत्या रक्तात पाय कसा टेकणार? रक्तवाहिनीच्या भिंतीला पकडायला हात असतात, आणि ह्या साखरेवर ते हात नेमके बसतात. गवतातून चालताना पायमोज्याला कुसळं चिकटतात ना, तसं. चिकटली की भिंतीतून पलीकडे शिरते आणि तिथे नवा संसार मांडते. ह्यातली थोडी साखर रक्तात झडते. ती आम्ही मोजतो.

मी म्हटलं, कशाने मोजता, चमच्याने?

म्हणाल्या, गळाने. एक गळ तळाशी बांधलेला, एक वर चमकणाऱ्या बुचाचा. साखरेने दोन्ही गळ गिळले की बूच आमच्या ताब्यात येतं, मग किती चमकतंय ते बघायचं. आता हे गळ म्हणजे उंदरांच्या अंगात तयार करून घेतलेली प्रतिपिंडं. माणसाला उंदीर सारखे चावत असले तर त्याच्या रक्तात उंदरांच्या विरुद्ध राखणदार तयार होतात. ते आमच्या गळांना उंदीरच समजतात. एका हाताने हा धरतात, दुसऱ्या हाताने तो. मासा नाहीच आणि दोन गळ एकमेकांत गुंतलेले, तरी आम्हाला वाटतं मासा मोठा आहे. म्हणून विचारायचं असतं. पण काकांकडे उंदीर नाहीत, तेव्हा प्रश्न मिटला.

मी तशीच उठले आणि तोकुजीला भट्टीत गाठलं. पहिल्यांदाच आत गेले, वाकून वाकून कंबर मोडली. सगळं सांगितलं, साखर, कुसळं, गळ, सगळं. म्हटलं, जा, बायकोसमोर कबूल कर आणि पोट वाचव.

त्याने तळहातावर एक ठिपक्यांचा उंदीर घेतला होता, तो आपला गरगर फिरतोय. "ताई, तुझं काय ऐकायचं? ऑक्टोपस बोटीने येतात म्हणणारी तू."

मी म्हटलं ऑक्टोपसचं सोड, हे डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं आहे.

त्याने उंदीर हळूच खाली सोडला. मग म्हणाला, "असेलही खरं. पण पोट उघडलं तर शिवतात. आमच्या हिने चाळीस वर्षं माझ्या शब्दावर डोळे मिटून भात वाढलाय. ते कोण शिवून देणार?"

अशा माणसाला काय म्हणायचं. मी मात्सुएकडे गेले. ती मांजरांचे डोळे रंगवत होती, आणि त्या दिवशीची सगळी मांजरं रडवेली झाली होती, ती पुढे कुणी घेतली नाहीत. तिला म्हटलं, तू सांग डॉक्टरांना. ती म्हणाली, ह्यांनी सगळ्यांसमोर उंदीर नाहीत म्हणून सांगितलं, आता मी उठून आहेत म्हणू? नवऱ्याला खोटं पाडू? आणि वन्सं, तुमच्या गळांच्या गोष्टीवर मी ह्यांची अब्रू घालवू? मग कुंचला ठेवला आणि तोंडाला बाही लावून म्हणाली, ह्यांना काही झालं तर ती पोरं दुपारी वाट बघतील. पोरं म्हणजे उंदीर.

म्हणजे एकजण पोट फाडून घ्यायला तयार, दुसरी ते फाडू द्यायला तयार, आणि मध्ये मी, खरं सांगितलं की कुणी ऐकत नाही. चेरीच्या कळ्या फुगायला लागल्या होत्या. तेव्हा मी म्हटलं, आपल्याला जे जमतं ते करावं.

दुसऱ्या दिवशी मी मात्सुएला ओढत दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीणबाईंना एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की हिला अन्न जात नाही, पाठीत दुखतं, रंग पिवळा पडलाय, परवा तर भाजलेल्या रताळ्याचा वास आला आणि ही चक्कर येऊन पडली, पडली ती थेट लोणच्याच्या पिंपात. पिंप जरा जास्त झालं. पण नवऱ्याचं ऑपरेशन तोंडावर, बाई खरोखर उतरलेली दिसत होती, आणि नवऱ्याची जी चाचणी तीच हिचीही करा म्हटल्यावर बाईंना नाही म्हणवेना. रक्त घेतलं. मात्सुएला मी सांगितलं की नवऱ्याला रक्त लागलं तर तुझं जुळतं का बघतायत.

निकाल आला त्या दिवशी बाईंनी पुन्हा तिघांना बोलावलं. ह्या खेपेला त्यांच्या हातात लेखणी नव्हती. खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की मात्सुएकाकूंचाही आकडा चढलेला आहे. साडेतीनशे.

मी तोकुजीकडे बघत होते. स्वतःचा आकडा ऐकला तेव्हा ह्या माणसाने जवाचा चहा संपवला होता. आता समोरचा चहा त्याने बाजूला सारला.

"हिचंही पोट उघडणार?" त्याने विचारलं.

बाई म्हणाल्या, आधी फोटो काढू, पण तयारी ठेवायला हवी. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, विचित्रच आहे, कॅन्सर काही नवऱ्याच्या उशीवरून बायकोच्या उशीवर जात नाही.

मी म्हटलं, बाई, ते गळांचं सांगा ना ह्यांना. मला नीट सांगता येत नाही.

बाईंनी सांगितलं. तेच सगळं, उंदरांपासून केलेले गळ, आणि चावून घेतलेल्या माणसाच्या रक्तात ते कसे गुंततात. तोकुजी ऐकत होता. मी सांगितलेलं एकेक अक्षर डॉक्टरांच्या तोंडून परत येतंय हे बघून त्याचा जबडा हळूहळू खाली आला. मला वाटलं, आता हा मात्सुएकडे वळून क्षमा मागेल, आणि मी घरी जाऊन चहा टाकीन. पण माझ्या भावाचं डोकं मातीत गेलंय हे मी विसरले.

तो ताडकन उभा राहिला. "म्हणजे माझा आकडा उंदरांचा," तो म्हणाला. "भट्टीत आहेत माझ्याकडे, लहानपणापासून आहेत, ताई खरं बोलत होती. माझं सोडा. पण हिने जन्मात उंदराला हात लावला नाही हो. हिचा आकडा खरा आहे." आणि खाली बसून, गावचा नावाजलेला मांजरवाला, दवाखान्याच्या चटईवर ढसाढसा रडायला लागला.

मी तोंडात बाही कोंबली. बाई माझ्याकडे बघतायत, मी छताकडे.

मात्सुए पुढे सरकली. मग तिने ओच्यातून रुमाल काढला, नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "त्या काळ्या डोळ्यांच्या मादीला तुम्ही ओला पेंढा घालता. म्हणून तिची पिल्लं शिंकतात."

तोकुजीने रुमाल नाकाला लावला आणि तिथेच थांबला.

"सकाळी मी बदलते," ती म्हणाली. "तुम्ही न्हायला गेलात की. क्योटोला गेला होतात, बर्फ पडलं होतं, तेव्हापासून."

"तेव्हापासून?"

"आणि राळे फार टाकता. थोरला फिरेनासा झालाय, पोट जमिनीला घासतं."

तोकुजीने तिची बोटं धरली आणि उलटीसुलटी करून बघितली, जणू हा हात त्याने कधी पाहिलाच नव्हता. "माशाचा काटा?" तो म्हणाला. "मातीतला खडा?" ती म्हणाली. मग पेंढ्यावरून अशी काही जुंपली की बाहेर बसलेले रोगी दार उघडून बघायला लागले. तो म्हणे माझ्या आजोबांनी कधी पेंढा बदलला नाही, ती म्हणे म्हणून तुमच्या आजोबांचे उंदीर मरायचे. कुसाकाबेबाईंनी दोनदा खाकरून बघितलं. शेवटी त्यांनीच उठून दोघांचे दंड धरले आणि पुन्हा रक्त काढलं, भांडण चालू असताना.

ह्या वेळी त्या रक्तात त्यांनी आधी उंदरांचंच काहीतरी भरपूर ओतायला लावलं, म्हणजे राखणदार त्यावरच तुटून पडतील आणि गळ मोकळे राहतील. मोकळे राहिले. दोघांचेही आकडे पार खाली, गावातल्या कुणाहीसारखे. सर्जनना फोन गेला. तारीख रद्द झाली. चेरी फुलल्या तेव्हा तोकुजी झाडाखाली पोट वर करून झोपला होता, अखंड पोट, आणि मात्सुए त्याच्यावर पडलेल्या पाकळ्या वेचत होती. पाकळ्या वेचत होती हे मी जरा घातलं. झोपला होता हे खरं.

बाईंना वाटलं, ह्या घरातली तिसरीही बघून घ्यावी. माझंही रक्त घेतलं. मला निकाल सांगताना त्या जरा गोंधळल्या होत्या. म्हणाल्या, आजी, तुमचा आकडा जवळपास शून्य आहे. काही लोक असे असतात, त्यांच्या अंगात ही साखर बनतच नाही, जन्मापासून. म्हणजे उद्या तुम्हाला काही झालं तरी ह्या चाचणीत ते दिसणार नाही. तुमच्यासाठी दुसऱ्या तपासण्या करायला लागतील.

तोकुजी म्हणाला, "बघा डॉक्टर. हिच्या रक्ताकडूनसुद्धा खरी गोष्ट निघत नाही."

हसू देत. सुखात आहेत ते. पण माझं मात्र नुकसान झालं. आता दोघं हातात हात घालून भर दिवसा भट्टीत जातात, सोबत चहाची किटली, आणि बाहेर येतात ते एकमेकांच्या अंगावरचा भुसा झटकत. खिडकीत बसून काय बघायचं ह्यात? दोन दिवस बघितलं, कंटाळा आला.

म्हणून गेल्या आठवड्यात मी बाजारातून एक तपकिरी उंदीर आणला आणि ते न्हायला गेले असताना भट्टीत सोडला. साधाच, न फिरणारा. तोकुजीला वाटतंय मात्सुएने आणलाय आणि ती लपवतेय. मात्सुएला वाटतंय तोकुजीने. दोघंही रोज मला एकेकटे येऊन सांगतात, दुसऱ्याला कळू देऊ नका म्हणून शपथ घालतात, आणि मी घेते.

सोडताना तो मला अंगठ्याला कडकडून चावला. मी रोज एकदा जाऊन चावून घेते. पुढच्या वर्षी कुसाकाबेबाई माझं रक्त घेणार आहेत. जन्मभर ह्या चाचणीपुढे एक शब्द न बोललेलं रक्त आहे माझं, आता बोलेल. आणि बोलेल ते खोटंच.